रेंज नसली की हक्कही नसतो का?

मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि विभागाचे सचिव महोदय यांस,



हे पत्र संगणकाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. तलासरीहून तक्रार आली की ‘आदिवासी भाग आहे, लोकांना तंत्रज्ञान समजत नाही’ असा शेरा पडतो आणि फाइल पुढे सरकते, हे आम्हाला ठाऊक आहे. मला तंत्रज्ञान समजते. दिवसा मी उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्तीची नोकरी करतो आणि संध्याकाळी घरी भंगारात निघालेले संगणक जुळवतो. एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय, वापीच्या बाजारातली जुनी रॅम आणि त्यावर लिनक्स. असे जुळवलेले डबे आसपासच्या पाड्यांवरची पोरे वापरतात. संगणक ही माझी आवड आहे, बायकोच्या मते व्यसन. त्यामुळे त्याच्या नावाने जे चालले आहे ते पाहून मला इतरांपेक्षा अंमळ जास्तच राग येतो.

तलासरी कुठे आहे हे आपणांस सांगण्याची गरज नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गुजरातेत जाताना अच्छाडचा नाका ओलांडण्याआधी जो शेवटचा तालुका लागतो, तो आमचा. दीड लाखाच्या वर वस्ती, दहातले नऊ आदिवासी. बुलेट ट्रेनचा मार्ग आमच्या तालुक्यातून गेला, दिल्लीकडचा नवा द्रुतगती महामार्ग गेला आणि शेजारच्या डहाणूतल्या शहात्तर हजार कोटींच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी केले. महामार्गाच्या कडेने ‘खाली केबल आहे, खोदू नये’ अशा पाट्याही दिसतात. म्हणजे तार आमच्या दारावरून जाते. पण महामार्ग सोडून उधव्याच्या वा झरीच्या बाजूला आत शिरा, की फोनवर रेंजची एक काडी उरते, आणि तीही पुष्कळदा गुजरातच्या टॉवरची. महाराष्ट्राचा नागरिक आपल्या घरात बसून ‘गुजरातमध्ये आपले स्वागत आहे’ असा संदेश वाचतो. आम्ही त्यावर हसतो, कारण रोज रोज रागावता येत नाही.

आता वचनांकडे येतो. गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे सरकार बदलले आणि योजनेचे नाव भारतनेट झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने हे काम स्वतःच्या अंगावर घेतले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले की १,००० दिवसांत देशातल्या सहा लाख गावांना फायबर मिळेल. हिशोब सोपा आहे, ही मुदत मे २०२३ मध्ये संपली. ती संपल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच कामासाठी आणखी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फायबरची पेटी बसल्याची उदाहरणे आहेत, हे मी नाकारत नाही. पेटी बसली म्हणजे गाव ‘जोडले गेले’ अशी नोंद होते. पण पेटीतला दिवा लागतो का, लागला तर महिन्यातले किती दिवस लागतो आणि कार्यालयाच्या भिंतीपासून पाड्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कोण ओलांडणार, याची नोंद कुठल्या रकान्यात होते? हा रकाना आपल्याकडे असेलच. मग तो आम्हाला का दिसत नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केले आणि असे करणारे पहिले राज्य म्हणून आपली पाठही थोपटून घेतली. आनंद आहे. पण जमिनीवरची तार कुठे तुटली याचा जाब देण्याऐवजी आपण आकाशाकडे बोट दाखवत असाल, तर तेही आम्हाला कळते.

तार आली नाही, एवढीच तक्रार असती तर मी हे पत्र लिहिले नसते. माझ्या वडिलांच्या पिढीने विजेची वाट पाहिली, आम्ही इंटरनेटची पाहिली असती. तार येण्याआधी आपण यंत्र आणून दारात बसवले, आणि यंत्र ‘हो’ म्हणेल तरच धान्य, मजुरी आणि दाखला मिळेल असा नियम केला. खरा राग याचा आहे.

रेशन दुकानातली गोष्ट घ्या. आमच्याकडे माणसे सांगतात, ‘अंगठा लागत नाही.’ भात आवणीत दिवसचे दिवस चिखलात काढलेल्या, वीटभट्टीवर माती थापलेल्या हातांची कातडी झिजते, रेषा पुसट होतात. ठसा ओळखणाऱ्या काचेला त्या दिसत नाहीत. यात नवल काहीच नाही. सेन्सरशी ज्याने दोन दिवस खटपट केली आहे त्याला हे कळते. यंत्रे खरेदी करणाऱ्यांनाही कळायला हवे होते. ठसा लागलाच तर सर्व्हर लागत नाही. मग दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. एका उद्यासाठी बाईची एक दिवसाची मजुरी जाते. दोन उद्या झाले की जवळपास धान्याच्याच किमतीचे नुकसान होते.

आपण म्हणाल, यावर उपाय आहे, यंत्र नाही म्हणाले तर नोंदवहीत लिहून धान्य द्यायचे आहे. बरोबर. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात रेशन बंद झालेल्या घरातली ११ वर्षांची मुलगी दगावली आणि देशभर ओरड झाली, त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्रीय अन्न मंत्रालयाने राज्यांना स्पष्ट लिहिले की आधारची ओळख पटली नाही म्हणून कोणाचे धान्य नाकारू नये. हा आदेश मी वाचला आहे, आपणही वाचला असेल. आमच्याकडच्या किती दुकानांत तो भिंतीवर लावला आहे? किती दुकानांत अशी नोंदवही आहे, आणि गेल्या वर्षभरात तिच्यात किती नावे चढली? नोंदवही कोरी असेल तर दोनच अर्थ निघतात. एक तर पालघर जिल्ह्यात सर्वांचे अंगठे पहिल्या खेपेला लागतात, नाही तर माणसे परत पाठवली जातात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. यांपैकी खरे काय, हे आपण सांगावे.

अंगठ्याचा आमच्या भागात इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेऊन कागदावर अंगठा दिला की वारली गडी आणि त्याची बायको वर्षानुवर्षे जमीनदाराच्या घरी राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. ती गुलामी १९४५ साली मोडली. झरीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, मे महिन्यात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही म्हणून ठरले. शेतकरी चळवळीतले शामराव आणि गोदावरी परुळेकर तेव्हा बरोबर होते. सावकाराच्या त्या कागदावरचा अंगठा मात्र कधी ‘लागला नाही’ असे झाले नाही. बांधायला चालणारा अंगठा द्यायच्या वेळी चालेनासा होतो, एवढे आमच्या म्हाताऱ्यांच्या ध्यानात येते, आणि त्यासाठी त्यांना संगणक शिकावा लागत नाही.

मग ई-केवायसी. शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक माणसाने ठसा द्यावा, नाही तर नाव कमी होईल. मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. डहाणू-तलासरीची माणसे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात. शेकडो तरुण वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी आहेत. मासे धरताना हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडलेल्या खलाशांची घरे आमच्याच तालुक्यांत आहेत. त्यांचे केवायसी कोणत्या दुकानात करायचे? नियम लिहिणाऱ्यासमोर खलाशी हा माणूस होताच का?

लाडकी बहीण योजनेत याहून पुढची पायरी गाठली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये आदेश निघाला की बहिणीने स्वतःचे आधार द्यावे, शिवाय नवऱ्याचे किंवा वडिलांचेही, आणि दोघांच्या फोनवर येणारा ओटीपी भरावा. नवरा भर समुद्रात, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि त्याची मुदत काही मिनिटांची! ज्यांना नवराही नाही नि वडीलही नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न पोर्टल सुरू होऊन लोक तासन्‌तास ताटकळल्यावर कोणाला तरी सुचला. त्याबरोबर मुदत वाढली. आम्ही संगणकवाले याला चाचणी न घेता माल बाहेर काढणे म्हणतो. आमच्या कारखान्यात असे केले तर नोकरी जाते.

याच ओटीपीबद्दल आणखी एक. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य पोरांना पाढ्यांसारखे पाठ झाले आहे. आणि मग त्याच माणसाला आपण अशा व्यवस्थेत ढकलता, जिथे केंद्रावर अनोळखी मुलासमोर रांगेत उभे राहून ओटीपी मोठ्याने ओरडून सांगितल्याशिवाय काम होत नाही. आधारच्या झेरॉक्स टेबलावर गठ्ठ्याने पडलेल्या असतात, मागच्या बाजूला भज्यांच्या पुडीसाठीही वापरल्या जात असतील. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे पहिले कलम तलासरी नाक्यावर कधी पोहोचेल? फसवणूक झाली की पोलीस विचारतात, ‘ओटीपी सांगितला कशाला?’ हा प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायला हवा.

रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून ती सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे साऱ्या देशाने ती उचलली. जानेवारी २०२३ पासून या कामावरची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. हेतू होता चोरी थांबवण्याचा. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की ठिकठिकाणी फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे येतात. आणि उपाय काय? ग्रामपंचायतीने सगळे फोटो माणसाकरवी तपासावेत! म्हणजे चोराने अ‍ॅप फसवले, कारकुनाचे काम दुप्पट झाले आणि डोंगरातल्या कामावर रेंज नसल्याने जिची हजेरी चढली नाही त्या बाईची मजुरी तेवढी बुडाली. हे सगळे कागदावर आल्यावरही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना केंद्रीय कायदा काढून नवा केला, तेव्हा कामाचे दिवस १२५ करताना बायोमेट्रिक ओळख थेट कायद्यातच घातली. अपयशाला बढती देण्याची ही पद्धत मला अन्य कोणत्या तांत्रिक क्षेत्रात आढळलेली नाही.

इथे मला तंत्रज्ञ म्हणून थोडे बोलू द्या. रेंज नसणे ही सॉफ्टवेअरसाठी नवी अडचण नाही. नोंद फोनमध्येच साठवायची, तिच्यावर वेळेचा शिक्का मारायचा, आणि रेंज मिळाली की मागाहून पाठवायची, ही रीत जुनी आहे. टपालाची पेटीही तशीच चालते. त्यासाठी उपग्रह लागत नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. जाळे तुटले तर नुकसान कोणाचे व्हावे, सरकारचे की समोर उभ्या असलेल्या माणसाचे, एवढे एकदा ठरवावे लागते. ते ठरवणारा संगणक नसतो. तो निर्णय मंत्रालयात बसलेली माणसे घेतात, निविदेच्या अटींत लिहितात, आणि मग पाड्यावरची बाई ‘सर्व्हर डाउन’ ऐकून परत जाते. म्हणून मला ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द आता सहन होत नाही. सर्व्हर पडला ही तांत्रिक अडचण खरी. तो पडल्यावर भात कोणाच्या ताटातून कमी होईल, हे मात्र राजकारण आहे.

या निर्णयांचा जाच आपल्या स्वतःच्या माणसांनाही होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताईंनी शासनाने दिलेले मोबाइल शासनालाच परत केले होते. फोन तापत, बंद पडत, आणि पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीतून भरा असा आग्रह होता. एवढे होऊनही जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देण्याआधी आईचा चेहरा फोनसमोर धरून ओळख पटवणे आलेच. आमच्या शेजारच्या जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अशा जिल्ह्यात गरोदर बाईच्या आहारासमोर चेहरा ओळखणारे यंत्र उभे करताना कोणाचा हात थरथरला नाही?

आपल्या विभागाची स्मरणशक्ती चांगली असेल, असे धरून चालतो. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जासाठी शेतकऱ्यांना रात्र रात्र रांगेत उभे केले आणि याद्या आल्या तेव्हा अनेकांपुढे एकच खाते क्रमांक, एकच आधार क्रमांक निघाला. मेळघाटातले हरिसाल देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजवले गेले. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्या गावाची दुसरी बाजू पडद्यावर आणली, दावे-प्रतिदावे झाले, आणि निवडणूक संपताच हरिसाल पुन्हा आपल्या जागी गेले. त्यानंतर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपले सरकार’ आणण्याची घोषणा केली. प्रत्येक वेळी नवे नाव, नवे बोधचिन्ह. मागच्याचे काय झाले याचा अहवाल मात्र कधी येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने तीन निरपराध माणसांना मारले. चोर-टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस या पट्ट्यात पसरत होत्या. एका काडीच्या रेंजवरही अफवा पोचते, हे आम्ही तेव्हा पाहिले. पुढे काही वाहिन्यांनी त्यावर देशभर जे पसरवले तेही पोचले. पण ती अफवा खोटी आहे हे सांगणारा शासनाचा संदेश, लोकांना कळेल अशा बोलीत, त्या पाड्यांपर्यंत वेळेवर का पोचला नाही? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत होती, धुंदलवाडीकडे लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, तेव्हाही हेच झाले. पुढचा धक्का किती वाजता येणार हे सांगणारे बनावट संदेश फोनवर आधी येत.

एक लहानशी तक्रार, जी कदाचित मलाच मोठी वाटत असेल. लाभार्थ्यांच्या याद्या आपली कार्यालये अजून कागदावर छापून, तिरक्या फोटोकॉपीची पीडीएफ करून टाकतात. तीत नाव शोधता येत नाही, आणि अंध माणसाच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाही. मराठी युनिकोडमध्ये लिहा, हे शासनानेच कधीचे सांगितले आहे. परम महासंगणक बनवणारी सी-डॅक आपल्याच पुण्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. यादी नीट टंकायला तर कुठल्या निविदेचीही गरज नाही.

आणखी एक विचारतो, कारण हा माझ्या आवडीचा प्रांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. शाळांतले आणि कार्यालयांतले हजारो जुने संगणक आता भंगारात काढून नवे घेतले जाणार का? केरळने आपल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालवल्या, गरीब घरांना मोफत जोडणी देणारे स्वतःचे फायबर जाळे जून २०२३ मध्ये सुरू केले. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली केव्हाच बनवली आहे. तलासरीत एक माणूस संध्याकाळच्या फावल्या वेळात जे करतो, ते महाराष्ट्र शासनाला परवडत नाही, असे म्हणायला मला संकोच वाटतो. आपणांस वाटतो का?

आमचा तालुका पाचव्या अनुसूचीतला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम सांगतात की इथे ग्रामसभेला विचारून कामे व्हावीत. एखादे अ‍ॅप सक्तीचे करण्याआधी कोणत्या ग्रामसभेला विचारले? रस्त्यासाठी, पाझर तलावासाठी ठराव लागतो, आणि माणसाची ओळख पटवण्याच्या रीतीसाठी लागत नाही?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत मुंबईत आलेल्या शेतकऱ्यांत आमच्या तालुक्यांतली माणसेही होती. पायांना फोड आले तरी ती लेखी आश्वासनावाचून उठली नाहीत. म्हणून मीही लेखीच मागतो. डहाणू आणि तलासरीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत फायबर चालू आहे की बंद, आणि महिन्यात किती दिवस बंद होते, याची यादी आपल्या विभागाने प्रसिद्ध करावी आणि दर महिन्याला ती नवी करावी. यंत्र चालले नाही तर धान्य, मजुरी, आहार कोणीही नाकारणार नाही, असा एक पानाचा मराठी आदेश प्रत्येक दुकानात, अंगणवाडीत आणि कामाच्या जागी ठळक अक्षरांत लावावा, आणि न लावल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम त्याच पानावर असावे. यापुढे कोणत्याही मुदतीची घोषणा करण्याआधी ते पोर्टल मुंबईत नको, झरीला किंवा उधव्याला, तिथल्याच फोनवर, तिथल्याच रेंजवर चालवून पाहावे. यायचे कळवलेत तर खुर्ची आणि चहाची सोय मी करीन. रेंजची आपण करावी.

उत्तर कागदावर, सहीशिक्क्यासह आणि मराठीत यावे. ते १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचे आहे.

आपला,
तलासरी तालुक्यातील एक नागरिक
तलासरी, जि. पालघर, ४०१६०६